वजन भरल्यानंतरचे प्रश्न : जमैकातील मोना संशोधन केंद्राचा इतिहास

जमैका हा देश आकाराने आपल्या सातारा जिल्ह्याएवढा. क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर, लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास. या बेटाच्या राजधानीला, किंग्स्टनला, लागून मोना नावाची जागा आहे. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात १९५४ साली मुलांच्या कुपोषणावर संशोधन करणारे एक केंद्र सुरू झाले. ‘ट्रॉपिकल मेटाबॉलिझम रिसर्च युनिट’ हे त्याचे नाव. बोलताना सगळे टीएमआरयू म्हणतात. मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये एखादे सॅम (अतितीव्र कुपोषित) बालक पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होते, तेव्हा त्याला पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी थोडे थोडेच का पाजायचे, सुरुवातीला लोहाचे औषध का द्यायचे नाही, याची उत्तरे बऱ्याच अंशी या केंद्राच्या वॉर्डातून आलेली आहेत. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजतात, त्यामागचा विचारही तिथलाच. त्याच आवारात पुढे वाढलेल्या सिकलसेल केंद्राचे नाव विदर्भातल्या डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. या स्मरणिकेचे वाचक बालपोषण आणि सिकलसेल या दोन कामांशी जोडलेले आहेत. म्हणून दूरच्या एका संस्थेचा इतिहास येथे जरा विस्ताराने मांडावासा वाटला.

असा इतिहास बहुधा शोधांची आणि संचालकांची यादी देऊन सांगितला जातो. मोनाच्या बाबतीत ती रीत मला अपुरी वाटते. या संस्थेच्या सत्तर वर्षांच्या कामातून एकच धागा जातो. मूल बरे झाले असे केव्हा म्हणायचे, याचा निकष प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीपेक्षा पुढे नेला. पहिल्यांना मूल जगले म्हणजे झाले असे वाटत होते. त्यांच्यानंतरच्यांना वजन भरणे हवे होते, मग कोणी विचारले की बुद्धीचे काय, आणि शेवटी तीच मुले मोठी झाल्यावर ती किती कमावतात आणि त्यांच्या रक्तात साखर किती आहे हे तपासले गेले. असे प्रश्न विचारायला तीच माणसे पुन्हा सापडावी लागतात. ती सापडली, याचे एक मोठे कारण देश लहान होता हे आहे. लहान असण्याला सहसा उणीव मानतात. मोनाच्या संशोधकांनी तिचा अभ्यासपद्धती म्हणून उपयोग केला, असे माझे मत आहे.

वेस्ट इंडीजचे युनिव्हर्सिटी कॉलेज १९४८ मध्ये लंडन विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाले. उसाच्या जुन्या मळ्यांच्या जमिनीवर, महायुद्धात निर्वासितांसाठी उभारलेल्या लाकडी बराकींत पहिले वर्ग भरले. पहिली तुकडी ३३ विद्यार्थ्यांची होती आणि ते सगळे वैद्यकीय शाखेचे होते. या नव्या कॉलेजाने सुरुवातीच्या काही वर्षांतच बेटावरच्या दोन जुन्या कोड्यांना हात घातला. हिवाळ्यात गरीब घरांतली मुले एकाएकी ओकू लागत, बेशुद्ध होत आणि काही तासांत जात. लोक त्याला ‘ओकारीचा आजार’ म्हणत. त्याचे मूळ निघाले अ‍ॅकी या जमैकाच्या राष्ट्रीय फळात. ते कच्चे खाल्ले की रक्तातली साखर कोसळते. मोनाच्या रसायनशास्त्र विभागात सेड्रिक हॅसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ च्या सुमारास त्यातले विष, हायपोग्लायसिन, वेगळे काढले. दुसरे कोडे यकृताचे होते. लहान मुलांचे पोट पाण्याने फुगायचे आणि यकृत घट्ट व्हायचे. गेरिट ब्रास, केनेथ स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की यकृतातल्या बारीक शिरा बुजत आहेत. संशयाची सुई घरोघरी दिल्या जाणाऱ्या रानपाल्याच्या काढ्यांकडे, विशेषतः क्रोटालेरिया जातीच्या झुडपांकडे, वळली. आपल्याकडचा खुळखुळा याच जातीतला.

हे दुसरे उदाहरण मी मुद्दाम देतो. छोट्या देशातले संशोधन त्या देशापुरतेच, हा आक्षेप जुना आहे आणि तो वरवर बिनतोड वाटतो. जमैकाचा काढा जमैकाच्या आया पाजतात, त्याचा बाकीच्यांना काय उपयोग? पण १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा जिल्ह्यात आदिवासी कुटुंबांमध्ये पोटात पाणी होऊन माणसे दगावू लागली, तेव्हा गोंदली या बारीक धान्यात क्रोटालेरियाचे बी मिसळत असल्याचे आढळले. यकृताचे चित्र तेच होते आणि डॉक्टरांनी आजाराला नावही मोनात ठरलेलेच दिले. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर काही रुग्णांचे यकृत तसेच बिघडू लागले, तेव्हा मोठमोठ्या इस्पितळांतही तेच निदान लिहिले गेले. गोष्ट किती ठिकाणी घडते यावर तिचे महत्त्व ठरत नाही. ती एका ठिकाणी किती नीट पाहिली गेली यावर ठरते.

जॉन वॉटरलो हे इंग्लंडचे तरुण डॉक्टर. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४५ मध्ये त्यांना कॅरिबियन वसाहतींत पाठवले ते तिथली लहान मुले का मरतात हे शोधायला. त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना आणि जमैका पाहून त्यांनी १९४८ मध्ये मुलांच्या चरबीने भरलेल्या यकृतांवर अहवाल दिला. अंगावर सूज, केस विरळ व तांबूस, कातडी सोललेली, मूल चिडचिडे आणि अन्नाला तोंड न लावणारे, असा हा आजार. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत त्याचे वर्णन क्वाशिओरकोर या नावाने केले होते. त्या मूळच्या जमैकाच्याच, आणि पुढे ओकारीच्या आजाराच्या तपासासाठी त्या परतही आल्या. वॉटरलोंनी टीएमआरयू उभे केले तेव्हा तिथे एक छोटा वॉर्ड होता आणि वॉर्डाला लागूनच प्रयोगशाळा. परिचारिका, बायोकेमिस्ट आणि डॉक्टर एकाच मुलाकडे रोज पाहत. एरवी संशोधन एका इमारतीत आणि रुग्ण दुसऱ्या इमारतीत असतो. येथे दोघांमध्ये एक दार होते, आणि पुढच्या बऱ्याच शोधांचे मूळ मला या मांडणीत दिसते.

कुपोषित मूल आले की त्याला भरपूर खाऊ घालावे, हे कुणाही आईला आणि बहुतेक डॉक्टरांनाही वाटणारच. मोनाच्या वॉर्डाने नेमके हेच चूक ठरवले. उपासाने शरीराने आपला सगळा कारभार आवरता घेतलेला असतो. हृदय हळू चालते, मूत्रपिंडे थोडेच काम करतात, पेशींमधले पोटॅशियम निसटून सोडियम आत शिरलेले असते. अशा मुलाला एकदम भरपूर अन्न किंवा शिरेतून पाणी दिले की हृदयाला ते पेलत नाही आणि मूल जाते. जॉन गॅरो यांनी संपूर्ण शरीरातले पोटॅशियम मोजण्याचे यंत्र वापरून ही तूट किती मोठी असते हे दाखवले. त्यातून उपचाराचा क्रम ठरत गेला. आधी ऊब, साखर, दिवसा-रात्री थोडे थोडे पातळ दूध, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, आणि ताप नसला तरी प्रतिजैविके, कारण इतक्या अशक्त मुलाला संसर्गातही ताप चढत नाही. भूक परतली की मग तेल-साखर घातलेले दाट दूध, मूल मागेल तेवढे. अ‍ॅन अ‍ॅशवर्थ यांनी १९६९ मध्ये या दुसऱ्या टप्प्याची काटेकोर नोंद केली. मूल निरोगी मुलाच्या कितीतरी पट वेगाने वाढते; आणि उंचीला साजेसे वजन झाले की त्याची भूक आपोआप उतरते. कुणी ताट ओढून घेतलेले नसते, मूलच कमी मागू लागते.

शरीर स्वतःच ‘पुरे’ म्हणते, हा शोध फार सुंदर आहे. काम येथे संपले असे म्हणायला तो पुरेसाही होता. मृत्यू घटले होते, वजन भरत होते, मूल हसत घरी जात होते. पण त्याच नोंदींमधून वॉटरलोंना दिसले की उंचीला साजेसे वजन झालेली ही मुले वयाच्या मानाने बुटकीच राहतात. तोवर जगभर कुपोषण मोजले जाई ते वयानुसार वजनावर. त्यात नुकतेच आजारपणाने वाळलेले मूल आणि दोन वर्षे अर्धपोटी राहून खुंटलेले मूल एकाच श्रेणीत पडे. पहिल्याला आठवडाभरात दवाखाना हवा असतो. दुसऱ्याच्या घराला आणि गावाला काही वर्षांचे काम. वॉटरलोंनी १९७२-७३ मध्ये ही दोन मापे वेगळी केली : उंचीनुसार वजन आणि वयानुसार उंची. आपल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी आणि २५.६ टक्के लुकडी आढळली. हे दोन आकडे शेजारी शेजारी छापता येतात आणि त्यांवर वेगवेगळे उपाय मागता येतात, त्यामागे मोनाच्या वॉर्डातला तो तराजू आणि ती उंचीची फळी आहे.

जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९७० मध्ये टीएमआरयू ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलकडून वेस्ट इंडीज विद्यापीठाकडे आले. वॉटरलो लंडनला परतले. त्रिनिदादचे डेव्हिड पिकू संचालक झाले. येथे दुसरा आक्षेप नजरेआड करता येत नाही. ही संस्था वसाहतीच्या काळातली, तिचा पैसा बराच काळ परदेशी, आणि तिने अभ्यासलेली मुले त्या समाजातल्या सर्वांत गरीब, कृष्णवर्णीय कुटुंबांतली. संशोधकांच्या कीर्तीसाठी त्या मुलांचा वापर झाला, असे कोणी म्हटले तर त्याला उडवून लावता येणार नाही. नायट्रोजनचे समस्थानिक पाजून प्रथिनांची घडामोड मोजण्यासारखे प्रयोग आजारी मुलांवर केलेले होते, आणि आज त्यांना नैतिक समितीपुढे बराच वेळ जाब द्यावा लागला असता. माझ्या लेखी याचे उत्तर संस्थेच्या हेतूंत शोधण्यात अर्थ नाही. नंतर काय झाले ते पाहावे. ज्यांचे रक्त आणि लघवी मोजली त्या मुलांवर तिथेच, त्याच वॉर्डात उपचार झाले. जे कळले ते प्रथम त्यांच्याच बेटावर वापरले गेले. आणि ब्रिटिश गेल्यावर प्रयोगशाळा बंद न पडता तिथल्या माणसांनी ती पुढे चालवली. वसाहतींतल्या पुष्कळ संस्थांबाबत यातले तिसरे म्हणता येत नाही. आक्षेप यामुळे पुसला जात नाही, पण संस्थेच्या एकंदर हिशेबात दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

पुढची दोन दशके मायकेल गोल्डन, अ‍ॅलन जॅक्सन आदींनी शरीराच्या त्या आवरत्या कारभाराचा आणखी खोल अभ्यास केला. त्यातूनच एफ-७५ आणि एफ-१०० ही दोन उपचारी दुधे तयार झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या उपचार पुस्तिकेत मोनाचा अनुभव जगभर पोचला. मात्र त्याआधी, १९९६ मध्ये, क्लेअर स्कोफील्ड आणि अ‍ॅशवर्थ यांनी जगातल्या इस्पितळांचे आकडे गोळा केले तेव्हा निघालेला निष्कर्ष सुन्न करणारा होता. पन्नास वर्षे लोटली तरी तीव्र कुपोषित मुलांचा इस्पितळातला मृत्युदर बहुतेक ठिकाणी २० ते ३० टक्केच होता. ज्ञान होते, पण मुलांना अजूनही घाईने भरवले जात होते आणि सलाइन लावले जात होते. शोध छापून झाला की काम झाले, ही समजूत किती मुलांच्या जिवावर बेतते याचा हा पुरावा आहे. म्हणूनच अ‍ॅशवर्थ पुढची अनेक वर्षे जिल्हा इस्पितळांसाठी दहा पायऱ्यांची सोपी मार्गदर्शिका लिहिण्यात आणि शिकवण्यात गुंतल्या. प्रतिष्ठित नियतकालिकातल्या निबंधापेक्षा ते काम मला लहान वाटत नाही.

मोनातले सर्वांत मोठे वळण मात्र दुधाशी संबंधित नव्हते. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या बालरोगतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात विचारले की वजन भरून घरी गेलेली मुले बोलतात कशी, विचार कसा करतात? मोजल्यावर दिसले की शरीर सावरले तरी बुद्धीची वाढ मागेच राहते. मग त्यांनी वॉर्डात खेळ सुरू केले आणि सुट्टी मिळाल्यावर घरभेटी. जमैकात तोवर केनेथ स्टँडर्ड यांच्या पुढाकाराने गावोगावच्या, वस्तीवस्तीतल्या महिलांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले जाऊ लागले होते. आपल्या आशांसारख्याच त्या, फार शिकलेल्या नसत. या सेविकांच्या हाती ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खेळणी दिली. प्लास्टिकच्या बाटलीत खडे घालून केलेला खुळखुळा, खोक्यांचे ठोकळे, पुठ्ठ्याची कोडी, हाताने काढलेली चित्रांची पुस्तके. सेविका आठवड्यातून तासभर येई, आईसमोर मुलाशी खेळे, मग आईला खेळायला लावी, खेळणे तिथेच ठेवून जाई आणि पुढच्या आठवड्यात बदलून देई. आईला ‘तुमचे चुकते’ असे न म्हणता मुलाने केलेल्या गोष्टीचे कौतुक तिच्यासमोर करायचे, हा पद्धतीचा गाभा होता.

१९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ९ ते २४ महिने वयाच्या १२९ खुज्या मुलांवर याची रीतसर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकून चार गट केले : एकाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पूड, दुसऱ्याला घरभेटीचा खेळ, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. दोन वर्षांनी दूध आणि खेळ या दोन्हींचा बुद्धीवर फायदा दिसला, आणि दोन्ही मिळालेल्या गटात सर्वांत जास्त. हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरीकडे कुठे असते तर अभ्यास तिथे थांबला असता. सुझन वॉकर, सुझन चँग आणि सहकाऱ्यांनी तीच मुले वयाच्या अकराव्या, सतराव्या, बाविसाव्या वर्षी पुन्हा शोधली. दुधाचा बुद्धीवरचा फायदा विरून गेला होता. खेळाचा टिकला होता. खेळलेली मुले शाळेत जास्त काळ राहिली, त्यांच्यात नैराश्य आणि मारामारीचे प्रमाण कमी होते, आणि बाविसाव्या वर्षी त्यांची कमाई नियंत्रण गटापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. हे २०१४ मध्ये अर्थतज्ज्ञांच्या साथीने छापले गेले, आणि त्या वेळी १२९ पैकी १०५ जण सापडले होते. त्यांतले काही अमेरिकेला, इंग्लंडला, कॅनडाला गेले होते. तिथपर्यंत त्यांचा माग काढला गेला.

यावर अभ्यासू वाचक लगेच विचारील की १२९ मुलांवरून जगाला सल्ला कसा द्यायचा? एकाच शहरातली, मोजक्या प्रशिक्षित सेविकांच्या हातची मुले ती. शंका रास्त आहे आणि तिला पुरावाही आहे. कोलंबियात हीच पद्धत सरकारी योजनेला जोडून ९६ नगरपालिकांत राबवली, तेव्हा सुरुवातीचा फायदा दोन वर्षांत ओसरल्याचे आढळले. ओडिशातल्या कटक शहराच्या झोपडपट्ट्यांत आणि बांगलादेशात फायदा दिसला, पण तोही भेटींच्या नियमितपणावर आणि सेविकेच्या शिकवणीवर अवलंबून होता. माझ्या दृष्टीने याचा अर्थ मोनाचा आकडा उचलून कुठेही चिकटवू नये, एवढाच. त्या अभ्यासाने अपेक्षेची पातळी बदलली, आणि तिला १२९ मुले पुरली. दोन वर्षांच्या खेळाचा परिणाम वीस वर्षांनी मोजता येतो हे एकदा सिद्ध झाल्यावर, सहा महिन्यांत वजनवाढीचा तक्ता दाखवून योजना यशस्वी ठरवणे पुरेसे वाटेनासे होते. कोलंबियातला फायदा ओसरला हे कळले, तेसुद्धा तिथल्या संशोधकांनी मोनासारखे पुन्हा जाऊन पाहिले म्हणूनच.

सिकलसेलची कथा वेगळ्या दाराने त्याच ठिकाणी येते. ग्रॅहम सर्जंट हे ब्रिटिश डॉक्टर १९६० च्या दशकात जमैकात आले. तेव्हाच्या पुस्तकांत सिकलसेल म्हणजे बालपणीच मरण आणणारा आजार होता. सर्जंट यांना मात्र साठीच्या पुढचे सिकलसेलग्रस्त लोक भेटत होते. पुस्तके इस्पितळांत लिहिली गेली होती, आणि इस्पितळात फार आजारी तेवढेच येतात. जे घरी धडधाकट होते ते कोणाच्या नोंदीत नव्हते. यावर उपाय एकच होता, जन्मतःच सगळ्यांना मोजणे. किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली या मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात जून १९७३ ते डिसेंबर १९८१ या काळात सलग १,००,००० बाळांच्या नाळेचे रक्त तपासले गेले. ३१५ बाळांत एसएस प्रकारचा सिकलसेल आजार निघाला. त्यांच्याबरोबर निरोगी बाळांचा एक गट जोडून सगळ्यांना नियमित बोलावणे सुरू झाले, आणि त्यांतले अनेक जण पुढे पन्नाशीला टेकेपर्यंत संपर्कात राहिले.

पहिल्याच वर्षांत कळले की सर्वाधिक मृत्यू सहा महिने ते एक वर्ष या वयात होतात. एक कारण न्यूमोकॉकसचा संसर्ग; त्यावर पेनिसिलिन. दुसरे कारण पाणथरीचे. रक्त एकाएकी पाणथरीत साठून राहते, बाळ पांढरेफटक पडते आणि काही तासांत जाते. इस्पितळ दूर, रात्र झालेली, डॉक्टर येईपर्यंत उशीर. तेव्हा मोनाच्या सिकलसेल केंद्राने आयांना शिकवले की बाळाला निजवून डाव्या बरगड्यांखाली बोटे अलगद ठेवायची, पाणथरीची कड हाताला लागते का पाहायचे, रोज पाहायचे आणि ती मोठी लागली की थेट निघायचे. या शिकवणीनंतर अशा प्रसंगांची नोंद वाढली, कारण आया ते ओळखू लागल्या. आणि त्यांतले मृत्यू सुमारे एक दशांशावर आले. औषध नवे नव्हते आणि यंत्रही नव्हते. या केंद्राच्या दवाखान्यातल्या रुग्णांच्या २००१ च्या अभ्यासात मध्यम आयुर्मान पुरुषांत ५३ आणि स्त्रियांत ५८.५ वर्षे निघाले, तर १९९४ च्या अमेरिकी अभ्यासात ते ४२ आणि ४८ होते. दोन्ही अभ्यासांची पद्धत एक नव्हती, त्यामुळे ही तुलना ताणू नये. पण गरीब देशात सिकलसेलची चांगली सेवा होऊच शकत नाही, हे म्हणणे तिच्यापुढे टिकत नाही.

हे आपल्यासाठी अगदी जवळचे आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाचे लक्ष्य १७ राज्यांत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबारमध्ये शिबिरे होतात, सोल्युबिलिटी टेस्ट होते, वाहक की ग्रस्त याचे कार्ड हाती पडते. मोनाचा अनुभव सांगतो की कार्ड हा कामाचा पहिला दिवस आहे. त्या ३१५ मुलांपैकी जी वाचली ती नुसत्या तपासणीने नव्हे. पुढच्या भेटीला न आलेल्या मुलाच्या घरी कोणीतरी जात होते, म्हणून ती वाचली. आपली लोकसंख्या मोठी, आपल्याला हे कसे जमेल, असे येथे म्हटले जाते. पण जमैका साताऱ्याएवढाच आहे. एका जिल्ह्याच्या आकाराच्या देशाने जे केले ते करायला आपल्याला देशभर जावे लागत नाही. एक जिल्हा, त्यातली सगळी बाळंतपणे आणि पंचवीस वर्षांची चिकाटी एवढे लागेल.

संस्थेचे कमी पडणेही येथे नोंदवले पाहिजे, कारण मोनाची स्तुती करताना ते सहज सुटते. १९८१ मध्ये नवजात तपासणीचा अभ्यास संपला तेव्हा तिचे मोल सिद्ध झाले होते. तरी जमैकात ती १९९५ मध्ये काही इस्पितळांपुरती पुन्हा सुरू झाली आणि सगळ्या बेटावर पोचायला २०१५ उजाडावे लागले. मधली तीन दशके कर्जाची, सरकारी खर्चाच्या कपातीची आणि परिचारिका परदेशी जाण्याची होती. गरिबी हेच मूळ कारण असताना दूध आणि खेळणी घेऊन काय बदलणार, असे विचारणाऱ्यांच्या बाजूने ही तीन दशके साक्ष देतात. ते म्हणणे मला अर्धे पटते. गरिबी हटल्याशिवाय नवे कुपोषित मूल येणे थांबत नाही हे खरेच. पण गरिबी नेमके काय हिरावते याचा हिशेब ज्या संशोधनाने मांडला, ते तिच्याविरुद्धचा पुरावाही झाले आहे. २५ टक्के जास्त कमाईचा आकडा अर्थमंत्र्यापुढे ठेवता येतो. ‘मुलांची दया करा’ या विनंतीचे वजन तेवढे पडत नाही.

१९९९ मध्ये टीएमआरयू, सिकलसेल केंद्र, साथरोग संशोधन विभाग आणि बार्बाडोसचे दीर्घकालीन आजारांचे केंद्र एकत्र येऊन एक मोठी संस्था झाली. टेरेन्स फॉरेस्टर तिचे प्रमुख होते, आणि पुढे तिला ‘कॅरिबियन इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ रिसर्च’ हे नाव मिळाले. तोवर वॉर्डात कुपोषित मुले कमी येऊ लागली होती आणि बाहेर मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा वाढला होता. अशा वेळी जुने केसपेपर कामी आले. एकेकाळी या वॉर्डात दाखल झालेली आणि आता मोठी झालेली माणसे शोधून तपासली गेली. सूज न येता हाडे-कातडे झालेली मुले, म्हणजे मरास्मसची, जन्मतःच कमी वजनाची होती, आणि मोठेपणी त्यांच्यात साखर पचवण्याची ताकद सूज आलेल्यांपेक्षा कमी निघाली. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून चालवलेला मातृपोषणाचा अभ्यास आईच्या आहारापासून मुलाच्या मधुमेहाकडे याच वाटेने गेला आहे. पुण्याने सुरुवात गर्भापासून केली आणि मोना उलट दिशेने, वॉर्डातून, तिथे पोचले.

सुझन वॉकर आणि सहकाऱ्यांनी नंतर त्या १९८६-८७ च्या मुलांची मुलेही मोजली. २०१५ मध्ये त्यांनी छापले की लहानपणी खुजे राहिलेल्यांच्या मुलांची बौद्धिक वाढ, उंची नीट असलेल्यांच्या मुलांपेक्षा मागे आहे. म्हणजे १९८६ साली किंग्स्टनच्या वस्तीत ज्या बाळाची उंची कमी भरली, त्याच्या उपचाराचा निकष आता त्याच्या मुलापर्यंत गेला आहे, आणि मोनाच्या वहीत दुसरी पिढीही आली आहे.